वार्षिक सभा आणि मागील ठरावांची कार्यवाही

कांदिवली स्थानकाच्या पश्चिमेस, मनोरीच्या खाडीलगतच्या तिवरांपर्यंत पसरलेली चारकोपची वसाहत ही एका आंतरराष्ट्रीय कराराची निर्मिती आहे, हे तेथील पुष्कळ रहिवाशांनाही आज आठवत नसेल. १९८५ साली जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने ‘मुंबई नागरी विकास प्रकल्प’ हाती घेण्यात आला. त्या प्रकल्पाखाली चारकोप, गोराई, मालवणी येथे ‘म्हाडा’ने जमिनीचे लहानलहान भूखंड पाडले, रस्ते, पाणी व मलनिस्सारण यांची सोय केली आणि अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना आपापली घरे आपापल्या ऐपतीनुसार बांधण्यास दिली. तीस-पस्तीस घरांचा एक पुंजका, मधोमध सामाईक चौक आणि त्या पुंजक्याची एक सहकारी गृहनिर्माण संस्था, अशी ही रचना होती. शिक्षक, कारकून, गिरणी व कारखान्यांतील कामगार यांच्या हजारो कुटुंबांना त्यातून हक्काचे छप्पर मिळाले. पुढे अनेक भूखंड हस्तांतरित झाले, बैठ्या घरांवर मजले चढले, हा भाग वेगळा. तरीही दूरदेशी झालेल्या वाटाघाटी सामान्य माणसाच्या उंबरठ्यापर्यंत कशा पोहोचतात, याचे चारकोप हे चालतेबोलते उदाहरण आहे.

या वसाहतीतील प्रत्येक संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी ३० सप्टेंबरपूर्वी व्हावी लागते. गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकुबी, त्याच जागी पुन्हा सभा, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे आणि शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय, हा क्रम मुंबईकरांच्या अंगवळणी पडलेला आहे. परंतु या कार्यक्रमपत्रिकेवर आणखी एक विषय असतो, आणि खरी वादावादी त्याच विषयावर होते. मागील सभेत झालेल्या ठरावांवर काय कार्यवाही झाली? टाकीची दुरुस्ती ठरली होती, ती झाली का? झाली नसेल, तर कोणामुळे?

देशादेशांच्या परराष्ट्रमंत्र्यांच्याही अशाच वार्षिक सभा भरतात. आग्नेय आशियातील अशी सभा बहुधा जुलैच्या सुमारास होते. प्रादेशिक सुरक्षितता आणि सहकार्य हा तिचा विषय असतो. समूहछायाचित्र निघते, अध्यक्षांचे निवेदन प्रसिद्ध होते, दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत आतल्या पानावर चार ओळी येतात आणि वाचक पान उलटतो. त्याचे हे पान उलटणे अनाठायी म्हणता येणार नाही, कारण मागील ठरावांच्या कार्यवाहीचा विषय या सभांच्या पत्रिकेवर ठळकपणे क्वचितच दिसतो. मात्र त्यामुळे या सभा निरर्थक ठरतात काय? की त्यांच्या यशापयशाचा हिशोब आपण चुकीच्या ठिकाणी मांडत आहोत? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास मुंबईइतके योग्य शहर दुसरे नाही. कारण अशा सभांत ज्या सहकार्याच्या घोषणा होतात, त्यांची कसोटी मुंबईच्या बंदरात आणि मुंबईच्या न्यायालयात प्रत्यक्ष लागलेली आहे.

मंचाची घडण

८ ऑगस्ट १९६७ रोजी बँकॉक येथे इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर व थायलंड या पाच देशांनी ‘आसियान’ ही संघटना स्थापन केली. तेव्हापासून परराष्ट्रमंत्र्यांची वार्षिक बैठक हा तिचा कणा राहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिमोर-लेस्तेच्या प्रवेशाने तिची सदस्यसंख्या अकरा झाली. शीतयुद्ध संपल्यावर अमेरिका, चीन, जपान, रशिया अशा मोठ्या सत्तांना एका टेबलाभोवती बसविण्याची गरज या छोट्या देशांना वाटली आणि जुलै १९९४ मध्ये बँकॉकमध्येच ‘आसियान प्रादेशिक मंचा’ची पहिली बैठक भरली. भारत १९९६ मध्ये जाकार्ता येथील बैठकीपासून त्यात सामील झाला. उत्तर कोरिया २००० साली आणि पाकिस्तान २००४ साली आला. आज या मंचावर सत्तावीस सहभागी आहेत. एकमेकांशी राजनैतिक संबंध नसलेले किंवा एकमेकांवर बंदुका रोखलेले देशही त्यांत आहेत.

मंचाने १९९५ मध्ये स्वतःपुढे तीन पायऱ्या ठेवल्या. पहिली पायरी परस्परविश्वास वाढविण्याची, दुसरी संघर्ष पेटण्यापूर्वीच तो टाळण्याच्या मुत्सद्देगिरीची आणि तिसरी संघर्षांच्या निराकरणाचे मार्ग शोधण्याची. तीन दशकांनंतरही मंच मुख्यतः पहिल्याच पायरीवर उभा आहे, दुसरीवर त्याने जेमतेम पाऊल टेकविले आहे आणि तिसरी दूरच आहे. याचे कारण त्याच्या घटनेतच आहे. निर्णय सर्वसंमतीने व्हायचे, कोणाच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप करायचा नाही आणि गती सर्वांना सोसेल इतकीच ठेवायची. शब्दांनी कान टोचणे मात्र मंचाला वर्ज्य नाही. मे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर जुलैमध्ये मनिला येथे झालेल्या बैठकीच्या निवेदनात दक्षिण आशियातील चाचण्यांविषयी तीव्र नापसंती नमूद करण्यात आली होती. भारताने ती ऐकून घेतली आणि पुढील वर्षीही आपली खुर्ची राखली. शब्दांपुरता विचार केला, तर मंचाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या एकाच प्रसंगात दिसून येतात.

एका जहाजाची गोष्ट

शब्दांपलीकडचा विचार करावयाचा, तर ‘अलोन्ड्रा रेनबो’ या जहाजाची हकिकत पाहावी लागते. २२ ऑक्टोबर १९९९ रोजी हे जपानी मालकीचे, पनामाचा ध्वज लावलेले जहाज सुमारे सात हजार टन ॲल्युमिनियम घेऊन सुमात्रा बेटावरील क्वाला तांजुंग बंदरातून जपानकडे निघाले. बंदर सोडल्यावर काही तासांतच सशस्त्र चाचे त्यावर चढले. जहाजावर कप्तान व मुख्य अभियंता हे दोघे जपानी आणि पंधरा फिलिपिनो खलाशी होते. या सतरा जणांना काही दिवस ओलीस ठेवून अखेर एका तराफ्यावर भर समुद्रात सोडून देण्यात आले. सुमारे दहा दिवसांनी थायलंडच्या मच्छीमारांनी त्यांना वाचविले. मच्छीमारांची ती होडी त्या बाजूला फिरकली नसती, तर सतरा कुटुंबांना आपली माणसे पुन्हा दिसली नसती.

क्वालालंपूर येथील चाचेगिरीविषयक नोंद केंद्राने या बेपत्ता जहाजाचे वर्णन सर्वत्र प्रसृत केले होते. नोव्हेंबरच्या मध्यास भारताच्या पश्चिम किनाऱ्यापासून दूर तशाच वर्णनाचे एक जहाज आढळले. त्याचे नाव मात्र ‘मेगा रामा’ असे रंगविलेले होते आणि त्यावर बेलिझ देशाचा ध्वज होता. तटरक्षक दलाच्या ‘ताराबाई’ या नौकेने त्याचा पाठलाग केला. करवीरच्या महाराणीचे नाव धारण करणाऱ्या त्या नौकेने दिलेल्या इशाऱ्यांना जहाजाने दाद दिली नाही. अखेर नौदलाची ‘प्रहार’ ही क्षेपणास्त्र नौका पाचारण करण्यात आली आणि गोळीबारानंतर १६ नोव्हेंबर रोजी जहाज ताब्यात आले. आतील पंधरा इंडोनेशियन इसमांनी आग लावून व पाणी आत घेऊन ते बुडविण्याचा प्रयत्न केला होता. मालाचा काही भाग तोवर परस्पर विकला गेला होता. जहाज ओढून मुंबईला आणण्यात आले.

मालक जपानचे, ध्वज पनामाचा, खलाशी फिलिपिन्सचे, आरोपी इंडोनेशियाचे, खोटा ध्वज बेलिझचा, खबर मलेशियातून, जीवदान थायलंडच्या कोळ्यांकडून आणि पकड भारताची. एका देशाच्या हद्दीत न मावणारा गुन्हा एका देशाच्या यंत्रणेला एकट्याने निस्तरता येत नाही, हे याहून स्पष्टपणे सांगणारा दुसरा प्रसंग सापडणे कठीण आहे. चाच्यांच्या तावडीतील एवढे जहाज खुल्या समुद्रात पकडले जाणे ही त्या काळी जगभर वाखाणली गेलेली कामगिरी होती.

परंतु जहाज धक्क्याला लागल्यावर खरी अडचण उभी राहिली. भारतीय दंडविधानात ‘चाचेगिरी’ या नावाचा स्वतंत्र गुन्हाच नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदाविषयक कराराला भारताने १९९५ मध्ये संमती दिली होती आणि त्या करारात चाचेगिरीची व्याख्याही होती. तथापि ती व्याख्या देशाच्या कायद्यात उतरविण्याचे काम राहून गेले होते. त्यामुळे दरोडा, शस्त्रास्त्रे, बनावट कागदपत्रे अशा नेहमीच्या कलमांची आणि समुद्रावरील अधिकारक्षेत्रासाठी एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश कायद्यांची मोट बांधून मुंबईच्या सत्र न्यायालयात खटला उभा करावा लागला. एक आरोपी मध्यंतरी मरण पावला. उरलेल्या चौदा जणांना २००३ च्या फेब्रुवारीत सात वर्षांची शिक्षा झाली. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली.

हा निकाल योग्य की अयोग्य, हा येथे प्रश्नच नाही. न्यायालय पुढ्यात आलेल्या कायद्यावर आणि पुराव्यावर निर्णय देते. प्रश्न असा की, दोन दलांनी जीव धोक्यात घालून केलेल्या कामगिरीला पुरेल असा कायदा तिच्या पाठीशी का नव्हता?

घोषणा आणि विम्याचा हप्ता

योगायोग असा की, ज्या वर्षी सत्र न्यायालयाचा निकाल लागला, त्याच वर्षी, जून २००३ मध्ये, नोम पेन्ह येथे प्रादेशिक मंचाच्या बैठकीत परराष्ट्रमंत्र्यांनी चाचेगिरीविरुद्ध सहकार्याचे एक स्वतंत्र निवेदन स्वीकारले. माहितीची देवाणघेवाण करावी, कायदे सुधारावेत, प्रशिक्षण द्यावे, असा त्याचा आशय होता. भारत त्या निवेदनात सहभागी होता. पुढील वर्षी, नोव्हेंबर २००४ मध्ये, आशियातील चाचेगिरीच्या प्रतिबंधासाठी एक प्रादेशिक करार तयार झाला. तो सप्टेंबर २००६ मध्ये अमलात आला आणि सिंगापूरमध्ये त्याचे माहिती केंद्र उघडले. या केंद्राला कार्यालय आहे, कर्मचारी आहेत, अंदाजपत्रक आहे आणि प्रत्येक सदस्यदेशात एक ठरलेला संपर्काधिकारी आहे. निवेदन आणि संस्था यांत हाच फरक असतो. निवेदनावर सर्वांची संमती असते, पण संस्थेत कोणाच्या तरी टेबलावरचा दूरध्वनी वाजतो आणि तो उचलणे त्याचे कर्तव्य असते. मात्र ज्यांच्या किनाऱ्यालगत चाचेगिरी सर्वाधिक होती, ते इंडोनेशिया व मलेशिया त्या वेळी या करारात उतरले नाहीत. सार्वभौमत्वाच्या शंकेपुढे शेजारधर्म थोडा मागे पडला.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटणार नाही. समुद्रमार्गाची सुरक्षितता ही दीपगृहासारखी सार्वजनिक वस्तू आहे. तिचा लाभ ज्याने वर्गणी भरली त्याला आणि ज्याने चुकविली त्यालाही सारखाच मिळतो. साहजिकच प्रत्येकाला वाटते की, गस्तीचा खर्च शेजाऱ्याने करावा आणि आपल्या जहाजांनी निर्धास्त जावे. गृहनिर्माण संस्थेत जिन्यातील दिव्याचे बिल भरण्यावरून जे होते, तेच मलाक्काच्या सामुद्रधुनीत होते. अशा वेळी भाषणांनी सहकार्य जन्मास येत नाही. असहकाराची किंमत मोजावी लागते तेव्हाच ते जन्मास येते.

ती किंमत मोजण्याची वेळ २००५ च्या जूनमध्ये आली. लंडनच्या विमाबाजारातील समितीने मलाक्काची सामुद्रधुनी युद्धजोखमीच्या क्षेत्रांच्या यादीत टाकली. म्हणजे तेथून जाणाऱ्या जहाजांना जादा विमाहप्ता लागू होण्याची तलवार टांगली गेली आणि तो खर्च अखेर बंदरांच्या धंद्यावर व मालाच्या भावावर पडणार हे उघड झाले. इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूर यांनी २००४ मध्ये समन्वित गस्त सुरू केली होतीच. आता तिला जोर आला आणि सप्टेंबर २००५ पासून विमानांतून संयुक्त टेहळणीही सुरू झाली. ऑगस्ट २००६ मध्ये विमाबाजाराने सामुद्रधुनी त्या यादीतून वगळली. वर्षानुवर्षांच्या निवेदनांनी जे साधले नव्हते, ते विम्याच्या एका यादीने चौदा महिन्यांत साधले.

तथापि यावरून निवेदने फुकट गेली, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. किंमत मोजावी लागेल हे कळल्यावर तिन्ही देश इतक्या लवकर एकत्र येऊ शकले, कारण त्यांचे मंत्री आणि अधिकारी आधीपासून एकमेकांना ओळखत होते. सभांनी रस्ता तयार ठेवला होता, चालण्याची गरज बाजाराने निर्माण केली. शिवाय असे काम एकदा करून संपत नाही. २०२५ मध्ये सिंगापूरच्या सामुद्रधुनीत जहाजांवरील सशस्त्र चोऱ्यांनी पुन्हा डोके वर काढले, यावरून गस्तही बारमाही लागते हे दिसून येते.

घरचा अभ्यास

आता भारताच्या घरच्या अभ्यासाकडे वळावे. २००५ च्या निकालानंतर तरी चाचेगिरीविरोधी कायदा तातडीने व्हावयास हवा होता. तो झाला नाही. दरम्यान सोमालियाचे चाचे अरबी समुद्रात धुमाकूळ घालू लागले. २०११ च्या जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत नौदल व तटरक्षक दलाने चार कारवायांत शंभराहून अधिक चाचे पकडून मुंबईत आणले. पुन्हा तोच जुना कायदा, तीच कलमांची मोट. या खटल्यांत शिक्षा ठोठावली जाण्यास २०१७ साल उजाडले.

या विलंबाची झळ कोणाला लागली? ‘अस्फाल्ट व्हेंचर’ या जहाजाचे अपहरण सप्टेंबर २०१० मध्ये झाले होते. एप्रिल २०११ मध्ये खंडणी पोहोचल्यावर चाच्यांनी जहाज सोडले, परंतु सात भारतीय खलाशांना मात्र अडकवून ठेवले. मुंबईच्या कोठडीतील आपले साथीदार सोडा, मगच तुमची माणसे सोडू, अशी त्यांची मागणी होती. ते सात जण सुटले ऑक्टोबर २०१४ मध्ये, म्हणजे अपहरणानंतर चार वर्षांनी. नौकानयन महासंचालनालय मुंबईतच आहे. व्यापारी जहाजांवरील नोकऱ्यांचे हे शहर देशातील मोठे केंद्र आहे. गोराई, मढ, वसईपासून चारकोपपर्यंतच्या कितीतरी घरांत वर्षाचे सहा-आठ महिने एक माणूस समुद्रावर असतो. अशा घरांच्या दृष्टीने प्रादेशिक सहकार्य हा आतल्या पानावरच्या चार ओळींचा विषय नसतो. ‘आता बंदर सोडतोय, पुढचे पंधरा दिवस फोन लागणार नाही’ एवढ्या निरोपावर ती घरे दिवस काढतात.

२०१२ मध्ये लोकसभेत चाचेगिरीविषयीचे विधेयक मांडले गेले, पण सभागृहाची मुदत संपताच तेही बारगळले. २०१९ मध्ये नवे विधेयक आले आणि अखेर डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने सागरी चाचेगिरी प्रतिबंधक कायदा संमत केला. ‘अलोन्ड्रा रेनबो’ मुंबईच्या धक्क्याला लागल्यापासून तेवीस वर्षे आणि नोम पेन्हच्या निवेदनापासून एकोणीस वर्षे लोटली होती. मंत्र्यांच्या सभेने जे करू म्हटले, ते करण्यास सभेची आडकाठी नव्हती. आड आला तो आपलाच दिरंगाईचा कारभार.

आणि कायदा झाल्यावर फरक पडतो, हेही लगेच दिसले. डिसेंबर २०२३ मध्ये अपहृत झालेले ‘रुएन’ हे जहाज भारतीय नौदलाने मार्च २०२४ मध्ये किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर सोडविले. सतरा खलाशी सुखरूप सुटले आणि पस्तीस चाच्यांना ‘कोलकाता’ या युद्धनौकेने २३ मार्च रोजी मुंबईत आणून पोलिसांच्या स्वाधीन केले. या वेळी पोलिसांच्या हाती त्याच गुन्ह्यासाठी केलेला कायदा होता. खटले वेगाने चालविण्यासाठी अनुभवी सरकारी वकील, दुभाषे आणि समुद्रावरच पुरावा नीट गोळा करण्याचे प्रशिक्षण यांची गरज मात्र कायद्याने संपत नाही.

नुसत्या भेटीचेही मोल

वार्षिक सभांना ‘गप्पांचा अड्डा’ म्हणून हिणविण्याची प्रथा आहे. टीकेत तथ्य नाही असे नाही. दक्षिण चिनी समुद्राच्या प्रश्नावरून जुलै २०१२ मध्ये नोम पेन्ह येथे आसियानच्या परराष्ट्रमंत्र्यांना संयुक्त पत्रकही काढता आले नाही. पंचेचाळीस वर्षांत अशी नामुष्की प्रथमच आली. परंतु भेटीचे एक वेगळे मोल असते. ज्यांचे बोलणे बंद पडले आहे, त्यांना कमीपणा न घेता एकमेकांसमोर येण्याचे निमित्त ठरलेली तारीख पुरविते. गलवानच्या संघर्षानंतर सप्टेंबर २०२० मध्ये भारत व चीन यांचे परराष्ट्रमंत्री मॉस्को येथे भेटून पाच मुद्द्यांवर सहमत झाले, ते शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीच्या निमित्ताने. जुलै २०२४ मध्ये ते व्हिएन्तियान येथे भेटले, तेही आसियानच्या बैठकांच्या निमित्ताने. त्या ऑक्टोबरमध्ये सीमेवरील गस्तीविषयी समझोता झाला. केवळ या भेटींमुळे तो झाला असे कोणी म्हणणार नाही. पण मुद्दाम भेट ठरवावयाची, तर ‘पुढाकार कोणाचा’ या प्रश्नावरच महिने गेले असते.

अशी ठरलेली तारीख मोडली की काय होते, हे दक्षिण आशियाने अनुभवले आहे. दक्षिण आशियाच्या परराष्ट्रमंत्र्यांची पहिली बैठक ऑगस्ट १९८३ मध्ये नवी दिल्लीत झाली. तेव्हा भारताचे परराष्ट्रमंत्री पी. व्ही. नरसिंह राव होते. हेच राव पुढे १९८४ व १९८९ मध्ये रामटेकमधून लोकसभेवर निवडून गेले आणि हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्ष्यांत कोण घेतो!’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली होती. त्या बैठकीतून डिसेंबर १९८५ मध्ये ढाका येथे ‘सार्क’ उभी राहिली. राष्ट्रप्रमुखांनी दरवर्षी आणि परराष्ट्रमंत्र्यांनी वर्षातून दोनदा भेटावे, असे तिच्या सनदेत ठरले. प्रत्यक्षात २०१४ च्या काठमांडू परिषदेपर्यंतच्या तीस वर्षांत अठराच शिखर परिषदा झाल्या. २०१६ ची इस्लामाबाद परिषद उरीच्या हल्ल्यानंतर रद्द झाली आणि गाडा तेथेच रुतला. निर्णय एकमताने घ्यावयाचे आणि द्विपक्षीय वादग्रस्त विषय काढावयाचेच नाहीत, हे दोन्ही नियम सनदेतच असल्याने मुख्य भांडण खोलीबाहेर उभे राहिले आणि त्यानेच दार अडविले.

याउलट एक अगदी रुक्ष व्यवस्था मात्र टिकून राहिली. मे २००८ मध्ये भारत व पाकिस्तान यांच्यात झालेल्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी परस्परांच्या तुरुंगांतील कैद्यांच्या व मच्छीमारांच्या याद्या दिल्या जातात. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून आलेल्या दहशतवाद्यांनी मुंबईत रक्तपात केला, तरी हा शिरस्ता मोडला नाही. मे २०२५ मधील लष्करी संघर्षानंतरही १ जुलै २०२५ रोजी याद्यांची देवाणघेवाण झाली. पाकिस्तानने दिलेल्या यादीत भारतीय असलेल्या वा तसे मानल्या गेलेल्या १९३ मच्छीमारांची नावे होती. गुजरातबरोबरच पालघर जिल्ह्यातील कोळीवाड्यांनाही अशा यादीची प्रतीक्षा असते. आपला माणूस जिवंत आहे आणि अमुक तुरुंगात आहे, एवढे तरी घरच्यांना कळते. सुटका लांबणीवर पडते हे या व्यवस्थेचे अपुरेपण आहे. पण शिखर परिषदा बंद पडल्या असताना ती चालते, कारण तारीख ठरलेली आहे, काम ठरलेले आहे आणि ते कोणत्या कार्यालयाने करावयाचे हेही ठरलेले आहे.

निबंधक नसलेली संस्था

चारकोपच्या गृहनिर्माण संस्थेशी तुलना येथे एका ठिकाणी थांबते. सभासदाने देणे थकविले, तर संस्था उपनिबंधकाकडे जाऊ शकते. १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाची ताकद तिच्या पाठीशी असते. राष्ट्रांच्या सभेला असा निबंधक नाही आणि नजीकच्या काळात तो येईल अशी चिन्हेही नाहीत. म्हणूनच मंत्र्यांच्या ठरावाची अंमलबजावणी करणारे न्यायासन बाहेर शोधण्यात अर्थ नाही. ते प्रत्येक देशाच्या संसदेत, न्यायालयांत आणि अंदाजपत्रकात असते. लोकशाही देशात ते अखेरीस नागरिकांच्या चौकस बुद्धीत असते.

त्या दृष्टीने एक साधी प्रथा सुरू करता येईल. परराष्ट्रमंत्री अशा वार्षिक बैठकीहून परतल्यावर दोन-तीन पानांचे एक टिपण संसदेपुढे ठेवले जावे. गेल्या वर्षी भारताने काय करण्याचे मान्य केले होते, त्यांपैकी काय झाले, काय राहिले आणि राहिलेले कोणते मंत्रालय कोणत्या मुदतीत करणार, एवढेच त्यात असावे. परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समितीने त्याची छाननी करावी. २००३ नंतर अशी तीन पाने दरवर्षी सभागृहासमोर आली असती, तर चाचेगिरीविरोधी कायद्याची रिकामी जागा एकोणीस वेळा वाचली गेली असती, आणि ती इतकी वर्षे रिकामी ठेवणे कोणत्याही सरकारला जड गेले असते. याला परकीय चलन लागत नाही, नवी संस्था लागत नाही. गोपनीयतेची सबबही येथे फारशी टिकणारी नाही, कारण ही निवेदने मुळातच जाहीर असतात.

शिक्षकांना व विद्यार्थ्यांनाही यात काही करता येण्यासारखे आहे. आंतरराष्ट्रीय संघटनांची स्थापनावर्षे आणि मुख्यालये पाठ करून परीक्षेत गुण मिळतात. त्याऐवजी एखादे निवेदन घेऊन त्याचे पुढे काय झाले, हे शोधण्याचा स्वाध्याय दिला, तर राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र एकाच वेळी शिकवून होईल.

चारकोपचे भूखंड वॉशिंग्टनमधील एखाद्या निवेदनाने पडले नाहीत. कर्जाच्या करारात कामे नेमून दिलेली होती, पैसे टप्प्याटप्प्याने मिळणार होते आणि कामाचा जाब देणारी यंत्रणा मुंबईत होती, म्हणून खाजणालगतच्या त्या जमिनीवर नळाला पाणी आले. येत्या सप्टेंबरात तेथील चौकाचौकांत सतरंज्या अंथरल्या जातील, गणपूर्तीसाठी अर्धा तास थांबले जाईल आणि कोणीतरी उठून टाकीच्या दुरुस्तीचे काय झाले म्हणून विचारील. त्याच्या त्या प्रश्नाने सचिव चिडतो, पण टाकी त्या प्रश्नामुळेच दुरुस्त होते. परराष्ट्रमंत्र्यांच्या सभेबद्दलही तोच प्रश्न त्याच नेटाने विचारला जावा. ज्या घरांतील माणसे आज समुद्रावर आहेत, त्यांना उत्तराची प्रतीक्षा आहे.